बार्बराबाईची फळी आता माझी नाही

मी, भवानीबाई, कै. येसाजीराव मोहिते यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीची नर्स, राहणार मंडी मोहल्ला, मैसूर, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या देहाचे काय करावे हे आज सांगून ठेवते. याआधी मी असा कागद केलेला नाही. आधीच्या तारखेचा कोणी दाखवलाच तर त्यावरची सही माझी नाही असे समजावे. डॉ. मंजुनाथ यांनी आज सकाळी इथे येऊन मला तपासले आणि बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. मी कोणाच्या दबावाखाली हे लिहीत नाही. दबाव आहे, पण तो हे न लिहिण्याचा आहे.

मजकूर माझा, अक्षर जानकीचे. जानकी आणि तिचा नवरा उदय नोकरीसाठी सांगलीहून मैसूरला आले, बन्नीमंटपात राहतात. तिच्याकडे भजनाला जाते असे मी घरी सांगते. आमचे पूर्वज मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात इथे आले, तेव्हापासून आमच्या मराठीत निम्मी कानडी आहे. जानकीने ती या कागदापुरती धुऊन घेतली आहे. पण माणसे जशी बोलली तशीच लिही, असे मी तिला बजावले आहे.

पहिले, घर. मंडी मोहल्ल्यातले दोन मजली घर येसाजीरावांनी रेल्वेच्या नोकरीत असताना स्वतःच्या कमाईतून बांधले. ते गेल्यावर ते माझ्या नावावर झाले. आम्हाला मूल नाही. मी काही न लिहिता गेले, तर कायद्याने सगळे येसाजीरावांच्या पुतण्याकडे, म्हणजे रघूकडे जाईल, असे वकील गुंडेराव यांनी मला समजावून सांगितले. तसे होऊ नये म्हणून हा खटाटोप.

घर मी सुष्माला देते. सुष्मा ही रघूची बायको. घर तिच्या एकटीच्या नावावर व्हावे. ती नवऱ्याजवळ राहो अगर न राहो, दुसरे लग्न करो अगर न करो, घर तिचेच. तिने ते विकले तर माझा आत्मा दुखावणार नाही. उलट विकावेच. त्या घरात तिने एकटीने एक दिवसही काढू नये.

दुसरे, बँकेतली ठेव आणि दागिने. ठेव सुष्माची. बांगड्या आणि मोहनमाळही तिचीच. माझी चुलत नणंद वनजा हिने मोहनमाळेवर हक्क सांगितला तर कोणी ऐकू नये. तिने मुलीच्या लग्नाला माझे मोठे पितळी पातेले नेले आणि पुढे ते आपल्या माहेरचे म्हणून सांगत राहिली. ते पातेले मी या कागदाने तिला देऊन टाकते, म्हणजे यापुढे तरी ती खरे बोलेल.

तिसरे, किरकोळ. आयुधपूजेला मांडतो ती घराण्याची तलवार अंबाभवानीच्या देवळात द्यावी. माझे रक्तदाब मोजायचे यंत्र डॉ. मंजुनाथांना ठेवायचे होते, पण साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही दिले तर ते देणे रद्द होते म्हणे. म्हणून यंत्र मी सकाळीच त्यांच्या हातात ठेवले. जानकीला याच कारणाने काही देता येत नाही. तिला ठाऊक आहे.

चौथे, बार्बराबाईची फळी. ही फळी आता माझी नाही, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. तरी तिच्याविषयी सविस्तर सांगणे भाग आहे.

बन्नूर रस्त्यावर इटलीहून आलेल्या सिस्टरांचा छोटा दवाखाना होता. माझी सारी नोकरी तिथेच झाली. सिस्टर चेलेस्ता यांना पोटाचा कर्करोग झाला तेव्हा शेवटपर्यंत मीच त्यांचे केले. जाण्याआधी त्यांनी थोरल्या सिस्टरांच्या संमतीने, कागद करून, ही फळी मला भेट दिली. दवाखाना बंद होणार होता, भिंतींना वाळवी लागली होती. त्या कानडीत म्हणाल्या, "भवानी, तुझ्या घरी रोज दिवा लागतो. हिला तिथे ने."

फळी म्हणजे जुने चित्र. लांबी दोन हात, उंची वीतभराहून थोडी अधिक, मागच्या बाजूला किड्यांनी पाडलेली भोके. सिस्टर चेलेस्तांच्या गावच्या लहानशा चर्चमध्ये ती वेदीच्या खाली बसवलेली होती. पाच-सहाशे वर्षांपूर्वी कोणा चिताऱ्याने अंड्याच्या बलकात रंग कालवून ती रंगवली. पुढे भूकंपात चर्च पडले, फळी सिस्टरांच्या आजोबांकडे आली आणि तिथून त्यांच्या पेटीतून मैसूरला. आपल्या मैसूर चित्रांना लावतात तसा सोन्याचा वर्ख तिलाही आहे. आम्ही ती देवघराच्या शेजारी टांगली. दसऱ्याला तिलाही हळदकुंकू लागे. एका कोपऱ्यात कुंकवाचा डाग अजून आहे.

तिच्यावर संत बार्बरा हिच्या आयुष्यातले पाच प्रसंग आहेत. पहिल्यात बाप तिला उंच बुरुजात कोंडतो. दुसऱ्यात ती गवंड्यांकडून दोनाच्या जागी तीन खिडक्या करून घेते, कारण तिने बापाला न सांगता नवा देव धरलेला असतो आणि तीन ही त्याची खूण. तिसऱ्यात ती डोंगरात पळते, आणि एक मेंढपाळ बोट करून बापाला तिची जागा दाखवतो. चौथ्यात ती न्यायाधीशासमोर उभी आहे. पाचव्यात बापाने डाव्या हाताने तिचे केस धरले आहेत, उजव्या हातात तलवार आहे. वर कोपऱ्यात एक काळा ढग. पुढे त्यातून वीज पडून बाप जळतो, असे सिस्टर सांगत. पण चित्रात ती पडलेली नाही.

त्या बापाचा चेहरा मला कधी उमजला नव्हता. फळ सोलायला बसावे तसा शांत. मी एकदा विचारले, "सिस्टर, हा रागावलेला का नाही?"

त्या म्हणाल्या, "चितारी जाणता होता. घरातला माणूस मारतो तेव्हा असाच दिसतो."

ते मी तेव्हा ऐकून सोडून दिले.

रघू नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर मानाजीराव, वारले. आई आधीच गेली होती. आम्ही त्याला घरी आणले. तापात तो माझ्या कुशीशिवाय झोपत नसे. शिकला, जमिनींच्या दलालीत पडला, लग्न झाले, वरचा मजला आम्ही त्याला दिला. फळीचा फोटो त्यानेच काढून कोणाकोणाला पाठवला. मग जुन्या वस्तू विकत घेणारे एक गृहस्थ आले. नाव तिरुमलराव सांगितले. चपला बाहेर काढल्या, बारीक बॅटरीने फळी इंचाइंचाने पाहिली. पाहताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"अम्मा, ही वस्तू घरात ठेवण्यासारखी नाही," ते म्हणाले. "जग चांगलं नाही."

येसाजीराव म्हणाले, "आमच्या घरची बाई आहे ती. बाईला कोणी विकतं का?"

पुढच्या खेपेला तिरुमलराव घरात आलेच नाहीत. गाडीतच रघूशी बोलले आणि गेले. त्या दिवसापासून रघूचे जेवणाकडे लक्ष उडाले. येता-जाता तो फळीसमोर थांबे. एकदा येसाजीरावांनी त्याला फळीमागची दोरी तपासताना पाहिले. त्याच आठवड्यात, तो कामाला गेलेला असताना, आम्ही दोघांनी फळी जुन्या शालीत गुंडाळली, रिक्षा केली आणि बन्नूर रस्त्यावर सिस्टरांच्या वृद्धाश्रमात नेऊन दिली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, त्यावर कॅलेंडर लावले.

येसाजीराव गेल्यानंतर मी रीतसर नोंदलेल्या बक्षीसपत्राने फळी सिस्टरांच्या नावे केली. पुरातत्त्व खात्याकडे तिची नोंद झाली. सिस्टरांनी ती मैसूरबाहेर नेली आहे. कुठे, हे मी मुद्दाम विचारले नाही. रघूला यातले काहीही ठाऊक नाही. ती मी घरातच दडवली आहे असे तो धरून चालला आहे.

पाचवे, येसाजीरावांचा मृत्यू. हे कलम मालमत्तेचे नाही. गुंडेराव म्हणाले, मृत्युपत्रात असे घालत नाहीत. मी म्हटले, मी घालते.

त्या दुपारी मी बन्नीमंटपात एका नातलगाकडे हळदीकुंकवाला गेले होते. परत आले तर दारात माणसे. येसाजीराव परसातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत, जिला इथे सगळे संप म्हणतात, बुडून गेले होते. रघूनेच त्यांना पाहिले, रघूनेच आरडाओरडा केला, रघूनेच बाहेर काढले. लोखंडी झाकण बाजूला पडले होते. पाणी किती आहे ते बघायला वाकले आणि तोल गेला, असे सगळे म्हणत होते.

मी जन्मभर माणसे धुतली-पुसली आहेत. मी त्यांचे हात पाहिले. नखे तुटलेली होती. दोन बोटांच्या टोकांचे मांस निघाले होते, आणि त्यात गंज होता.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला मी ते दाखवले. तो म्हणाला, "अज्जी, पडताना धरायला बघितलं असेल. सुम्ने, उगाच मनाला लावून घेऊ नका."

रघू माझ्या मागे उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकी, चल. उन्हात उभी राहू नको." आवाज इतका मऊ होता की मी चालू लागले.

शवविच्छेदनाच्या अहवालात बोटांच्या जखमा लिहिलेल्या आहेत. त्याची नक्कल गुंडेरावांकडे आहे.

पुढे बरेच दिवस सुष्मा माझ्याशी बोलली नाही. एका सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. रघू बाहेर गेला होता. ती मान वर न करता म्हणाली, "काकी, त्या दिवशी मी गच्चीवर सांडगे घालत होते."

"मग?"

"काका पडले नाहीत."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"फळी कुठं आहे म्हणून हे विचारत होते. काका म्हणाले, तुझ्या हाती लागायची नाही. ह्यांनी ढकललं. मग झाकण ओढलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "काका आतून मारत होते, काकी. काहीतरी बोलत होते. मला शब्द कळत नव्हते. हे झाकणावर बसले."

"किती वेळ?"

"थांबेपर्यंत."

मग तो उठला, झाकण पुन्हा बाजूला केले, नळावर हात धुतले आणि जिन्याखालून तिला हाक मारली, "सुष्मा, कॉफी टाक गं." ती पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसली आहे असे तो समजत होता. ती खाली आली आणि तिने कॉफी टाकली. तो कॉफी पिऊन संपल्यावर परसात गेला आणि ओरडला.

सुष्मावर कोणी बोट ठेवू नये. तिने तेव्हा तोंड उघडले असते तर आज तीही नसती. बन्नूरची पोर, बाप उसाच्या शेतात राबतो, हिच्या पाठीशी कोण होते?

सहावे, रघू. रघूला मी काही देत नाही. त्याचे नाव नजरचुकीने राहिले असे कोणी कोर्टात म्हणू नये. त्याला काय आवडते, कोणत्या कुशीवर झोपतो, काय खाल्ले की अंगावर पित्त उठते, सगळे मला पाठ आहे.

हल्ली रोज सकाळी तो मला स्वतः दूध आणून देतो. "काकी, हालू पिऊन घे, अशक्त झालीस." पहिल्या दोन दिवसांतच मला कळले. अशी गुंगी कशाने येते हे नर्सला सांगावे लागत नाही. मी ते दूध मोरीत ओतते आणि डोळे मिटून पडते. मग तो घरभर शोधतो. मी उठते तेव्हा कुठेतरी एखाद्या फरशीच्या कडेचे सिमेंट ओले असते. देवघराची फरशी काढून झाली, माझ्या खोलीतली झाली. मागच्या महिन्यात तिरुमलराव पुन्हा येऊन गेले. फळी कुठे आहे हे मी सांगितलेले नाही, म्हणूनच मी अजून आहे.

आणि या रविवारी जेवताना सुष्माने सांडगे तळले. रघूने एक उचलला, मोडला, आतून पाहिला.

"हे केव्हाचे गं?" त्याने विचारले.

"जुनेच," सुष्मा म्हणाली.

"या वर्षी तर आपण घातलेच नव्हते. काका गेले ना." तो खात राहिला. मग म्हणाला, "त्याच दिवशी घातले होतेस काय? उन्हात?"

मी मध्येच म्हणाले, "वनजाने पाठवलेत." तो माझ्याकडे बघून हसला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला फळीतला पाचवा प्रसंग आठवला. कालपासून तो सुष्माला दळणालासुद्धा एकटीला पाठवत नाही.

सातवे, माझा देह. माझा मृत्यू कसाही झाला, झोपेत, पायरीवरून, गाडीतून किंवा आजाराने, तरी शवविच्छेदन झाल्याशिवाय मला जाळू नये. रक्त आणि पोटातले तपासायला पाठवावे. माझे हात नीट पाहावेत. अग्नी सुष्माने द्यावा. बायकांनी देऊ नये असे कोणी म्हणाले तर त्याने घरी बसावे. रघूने मला हात लावू नये.

आठवे, अंमलबजावणी आणि आजचा दिवस. वकील गुंडेराव यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. मूळ कागद सहीनंतर लगेच डॉ. मंजुनाथ त्यांच्याकडे पोचवतील.

आज काय ठरले आहे ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून शंका राहणार नाही. आज सकाळी रघूने मला जानकीकडे सोडले आणि तो श्रीरंगपट्टणला जमिनीच्या कामाला गेला. घरातून निघताना त्याने सुष्माला आत ठेवून जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावले; गजांतून हात घातला की ते आतूनही उघडते. दुसरी किल्ली माझ्याकडे होती, ती मी काल सुष्माला दिली. आता सुष्मा बन्नूरच्या बसमध्ये आहे. नेसत्या साडीनिशी निघाली आहे. उद्या सकाळी गुंडेराव स्वतः तिच्या वडिलांच्या घरी जातील आणि तिला न्यायाधीशासमोर जबाब द्यायला नेतील.

मला घ्यायला रघू इथे येणार आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहे.

इथे जानकीने पेन खाली ठेवले. म्हणाली, "काकू, हे मी लिहिणार नाही. तुम्ही इथंच राहा. दाराला कडी लावू. पोलिसांना बोलवू."

"आणि तो सरळ घरी जाईल," मी म्हटले. "कुलूप उघडं बघेल. बन्नूर किती लांब आहे? त्याची गाडी बसच्या आधी पोचेल."

"मग उदय येतील तुमच्याबरोबर."

"उदय गाडीत बसला तर तो ओळखेल. लिही, जानकी."

ती रडत होती, पण लिहिते आहे. मी गाडीत बसल्यावर रघूला म्हणणार आहे की फळी कुठे आहे ते सांगते, पण आधी मला चामुंडीच्या डोंगरावर ने, देवीसमोर सांगेन. तो नेईल. फळीचे नाव काढले की तो मला कुठेही नेईल. सुष्मा पोचली की जानकी मला फोन करून भजनाची वेळ बदलली असे सांगेल. तोवर मी दर्शन, प्रसाद, पाय दुखणे, जे सुचेल ते करीन. उदयचा मित्र डोंगरावर आधीच जाऊन थांबला आहे, सही होताच उदयही तिकडे निघेल. मी नको म्हटले होते, त्याने ऐकले नाही.

फोन आल्यावर मी रघूला खरे सांगणार आहे. फळी गेली. कायद्याने गेली, परत यायची नाही. ते ऐकल्यावर मला जिवंत ठेवायला त्याच्याजवळ कारण राहणार नाही, हे मी जाणून आहे. न सांगता खाली उतरता येईल, उदयबरोबर निघून जाता येईल, असे जानकी म्हणते. येईलही. पण मला त्याला एक विचारायचे आहे, आणि ते तो तेव्हाच सांगेल, जेव्हा आमच्या दोघांत लपवण्यासारखे काही उरणार नाही.

येसाजीराव आतून बोलत होते. एवढ्या जवळून ते शब्द ऐकलेला माणूस जगात एकच आहे. बावन्न वर्षांचा संसार केला मी त्यांच्याशी. ते शेवटी काय म्हणाले ते मला हवे आहे.

खाली गाडी थांबली आहे. वाचून घेतले, सही करते.

भवानीबाई येसाजीराव मोहिते

आम्ही दोघे साक्षीदार असे नमूद करतो की भवानीबाईंनी आमच्या समोर, स्वतःच्या हाताने, न थरथरता सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या. या कागदाने आम्हाला काही मिळत नाही.

१. डॉ. मंजुनाथ, मंडी मोहल्ला
२. उदय शरदचंद्र कुलकर्णी, बन्नीमंटप

लेखनिक जानकी उदय कुलकर्णी. सांगितला तसा मजकूर लिहिला व पूर्ण वाचून दाखवला. एकच दुरुस्ती झाली. सहाव्या कलमात सुरुवातीला मी 'आरोपी' लिहिले होते. भवानीबाईंनी ते खोडायला लावले आणि म्हणाल्या, "रघू लिही. माझा रघू आहे तो."

मैसूर, मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४